चाळीस मेंढ्या आणि एक मोकळी ओळ

माझे अक्षर चांगले आहे. हे मी अभिमानाने सांगत नाही. डॉक्टरांपुढे बसल्यावर माणूस आपले जुने दुखणे सांगतो, तसे सांगतो. तुळजापूर तालुक्यात प्राथमिक शिक्षक म्हणून रुजू झालो तेव्हापासून लग्नपत्रिकांचे मजकूर, देवळाच्या वर्गणीच्या पाट्या, सासरी नांदायला न येणाऱ्या सुनांना लिहायची पत्रे, सगळे माझ्याकडे येत असे. त्यातच मला भीड फार. समोरचा माणूस अपेक्षेने पाहू लागला की माझ्या तोंडून ‘हो’ निघून जाते आणि मग त्या ‘हो’च्या मागे मी वर्षानुवर्षे चालत राहतो.

वीसेक वर्षांपूर्वी तालुक्याच्या एका कचेरीतले रोखपाल मधल्या सुट्टीत शाळेत आले. सरकारी रोकड ज्याच्या हातात असते त्याला दोन जामीनदार द्यावे लागतात. त्याने पैशांचा अपहार केला आणि भरून दिला नाही, तर या दोघांकडून वसूल करायचे, असे लिहून देण्याच्या कागदाला जामीनकतबा म्हणतात. रोखपाल गोड बोलणारे गृहस्थ होते.

“गुरुजी,” ते म्हणाले, “जामीनदार काय, कुणीही मिळंल. पण कतबा लिहिणारा हात तुमच्यासारखा जिल्ह्यात नाही.”

मी जामीनदार झालो तो त्या वाक्यासाठी. त्यांना पैशांची ओढाताण असते, दोन-तीन शिक्षकांकडून घेतलेली हातउसनी रक्कम त्यांनी अद्याप परत केलेली नाही, हे मला त्या वेळी ठाऊक होते. पुढे अनेकांनी मला ‘बिचारे गुरुजी फसले’ असे म्हटले. मी फसलो नव्हतो. मला माहीत होते आणि तरीही मी लिहायला बसलो.

दुसरा जामीनदार मालमत्ता असलेला हवा होता. मी तामलवाडीच्या शिवारात राहणाऱ्या एका मेंढपाळाचे नाव सुचवले. वयाने माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. साक्षरतेचे वर्ग चालत तेव्हा मेंढरे वाड्यात घालून ते रोज संध्याकाळी माझ्याकडे येत. चार महिने त्यांनी फक्त स्वतःची सही गिरवली. इतर अक्षरे शिकायला त्यांनी नम्रपणे नकार दिला.

“बाकीची घिऊन काय करू, गुरुजी?” ते म्हणत. “माझ्या नावात ती न्हाईत.”

सही मात्र अशी झोकदार झाली की मी ती वर्गात दाखवत असे. अडचण एवढीच होती की मेंढपाळाला सही कोणी मागत नाही. वर्ष गेले, दुसरे गेले. “इतकं शिकलो,” मामा म्हणायचे, “अन् सही मागाया एक माणूस येईना.”

म्हणून मी जेव्हा सांगितले की एका सरकारी कागदावर तुमची सही हवी आहे, तेव्हा त्यांनी अंगरखा बदलला. कागदात काय आहे, असे त्यांनी एकदा विचारले. मी म्हणालो, “काही नाही मामा, नुसती सही.” त्यांनी ती पाव तास लावून केली, आणि मान तिरपी करून पुष्कळ वेळ बघत राहिले.

आता माझ्या अपराधाचे मुख्य कलम. मालमत्तेच्या रकान्यात मी लिहिले होते, ‘मेंढ्या चाळीस, मेंढे दोन.’ त्यापुढे अर्धीअधिक ओळ मोकळी राहिली. मुद्रांकाच्या कागदावर मोकळी जागा ठेवू नये, मागाहून कोणी काही घुसडते, असे माझ्या वडिलांनी मला लहानपणी शिकवले होते. लोक अशा जागी आडवी रेघ मारतात. मला रेघ कुरूप वाटली. म्हणून मी वळणदार अक्षरात जोडले, ‘व सदर मेंढ्यांपासून पुढे उत्पन्न होणारी सर्व संतती.’ ओळ बरोबर समासापर्यंत पोचली. मला समाधान वाटले.

त्यानंतर पुष्कळ वर्षे काही घडले नाही. रोखपाल भेटले की चहा पाजत. मग एका पावसाळ्याच्या अखेरीस ते कचेरीतून दिसेनासे झाले आणि त्यांच्याबरोबर तिजोरीतली बरीच रक्कमही. त्यांच्या नावावर एक जुनी मोटारसायकल निघाली, तीही चालू नव्हती. ते आजतागायत सापडलेले नाहीत.

तोवर मी मुख्याध्यापक झालो होतो. माझ्या पगारातून कपात सुरू झाली आणि खरे सांगायचे तर मला त्याचे वाईट वाटले नाही. आपल्या वाट्याचे आपल्याला मिळाले असे वाटले. वाईट वाटले ते दुसऱ्या नोटिशीचे. उरलेल्या रकमेसाठी मामांची मेंढरे जप्त होऊन लिलावात जाणार होती.

वसुलीचे एक कारकून जीप घेऊन वाड्यावर आले, तेव्हा त्यांनी मलाही बोलावून घेतले. मामा घोंगडी अंथरून बसले होते. मामी चुलीपुढे होत्या. कारकुनांनी फाइल उघडली.

“मेंढ्या चाळीस, मेंढे दोन. कुठं आहेत?”

“त्या?” मामा म्हणाले. “त्या कवाच गेल्या. मेंढरू सात-आठ वर्सं जगतंय, सायब. तुमी वीस वर्सांनी आलाव.”

क्षणभर मला वाटले, सुटलो. जप्त करायचे ते जगातच उरले नव्हते. कारकुनांनाही तसेच वाटले असावे. ते फाइल मिटू लागले. पण ते चांगले वाचणारे गृहस्थ होते. त्यांचे बोट त्या ओळीवरून समासापर्यंत गेले आणि त्यांनी ती मोठ्याने वाचली.

“हे कुणी लिहिलंय?” ते म्हणाले. “अक्षर झकास आहे.”

मी चपलांकडे पाहत म्हणालो, “मी.”

मामींनी चुलीपुढून विचारले, “काय लिवलंय म्हनाला?”

कारकुनांनी समजावून सांगितले.

“म्हंजी पोटातली बी?”

“पोटातली बी.”

मामी माझ्याकडे वळल्या. “गुरुजी, लिवायचंच हुतं तर तुमच्या घरची संतती लिवून द्यायची!”

 

कारकुनांपुढे मात्र नवा प्रश्न उभा राहिला. वाड्यातली सगळी मेंढरे त्या चाळिसांचीच वंशज आहेत की काही विकत घेतलेली आहेत? विकत घेतलेल्यांना हात लावता येणार नव्हता. मला अंधारात कवडसा दिसला. मी खाकरून म्हणालो, “मामा, यातली बरीचशी बाजारातून आणलेली असतील ना? नीट आठवून बघा.”

मामांच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली ती मी विसरणार नाही. जप्तीच्या नोटिशीने ती उमटली नव्हती.

“बाजारातली?” ते म्हणाले. “माझ्या वाड्यात? गुरुजी, तुमी तरी असं म्हनू नये.”

आणि ते उठलेच. कळपात शिरून त्यांनी एकेक मेंढी कानाला धरून पुढे आणली. “ही काळ्या तोंडाची, हिची आजी तुमच्या कागदातली. लई दूध. ही तिची मावशी. ह्यो मेंढा बघा सायब, ह्याच्या आज्याचा बाप सोनारीच्या यात्रेत लोकांनी उभा राहून बघितला हुता.” कारकून लिहीत होते. मी एकदा खोकलो, दोनदा खोकलो. मामी म्हणाल्या, “गप बसा की वो! सोयरीक जमवाया आलेत का ते?” पण मामांना पिढ्या पाठ होत्या, आणि त्या विचारणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदाच भेटला होता. अर्ध्या तासाने कारकुनांनी पुरवणी कागद मागितला.

नियमाप्रमाणे बेचाळीस मेंढरे जप्त झाली. जप्त जनावरे कोणा प्रतिष्ठित माणसाच्या ताब्यात द्यायची असतात. कारकुनांनी चहूकडे पाहिले. मैलभरात प्रतिष्ठित असा मीच होतो. सुपुर्दनामा माझ्या नावे झाला. मेंढरे मामांच्या वाड्यातच राहतील, मी दर रविवारी जाऊन मोजायची, आणि लिलाव होईपर्यंत एकही मेंढरू तालुक्याबाहेर जाता कामा नये.

लिलाव तर पुढे होताच; पण त्याआधीच ही तालुक्याची हद्द मामांच्या गळ्याशी आली होती. दिवाळी झाली की ते कळप घेऊन सीना नदीच्या काठाने खाली उतरत. तिकडचे शेतकरी मोकळ्या रानात मेंढरे बसवून घेतात आणि त्या खताच्या बदल्यात धान्य व रोख देतात. मामांच्या घरात वर्षभर जे शिजे ते या चार महिन्यांचे. यंदा ते माझ्या अर्ध्या ओळीमुळे घरी बसणार होते.

मी रविवारी मोजायला जाऊ लागलो. पत्नी म्हणाली, “सहा दिवस पोरांची हजेरी घेता, ती पुरत नाही का?” तिसऱ्या रविवारी पाच कोकरे जास्त भरली. मी प्रामाणिकपणे कचेरीला कळवले. उलट टपाली विचारणा आली: ‘संख्येतील वाढीचे कारण नमूद करावे.’ मी खूप विचार करून लिहिले, ‘नैसर्गिक.’ पुढच्या पत्रात, वाढीव कोकरे कतब्याच्या शेवटच्या ओळीत येतात किंवा कसे, याबाबत सुपुर्ददाराचे मत मागवले होते. त्या पत्राचे उत्तर मी आजवर दिलेले नाही. माझ्या सेवेतली ती एकमेव बेअदबी.

मी वकिलांकडे गेलो. त्यांनी कतबा दोनदा वाचला आणि चष्मा काढला. “इतका पक्का कतबा मी पाहिलेला नाही,” ते म्हणाले. “कुठं बोट ठेवायला जागा नाही. लिहिला कुणी?”

त्यांनीच मग आमच्या आमदारांकडे पाठवले. आमदारांनी सांगितले की जिथे कायद्यात वाट उरलेली नसते, तिथे सामान्य माणूस विधिमंडळाकडे विनंती अर्ज करू शकतो. असे अर्ज ऐकणारी आमदारांची एक समिती असते. तिला पटले तर ती जामीनदाराला मोकळे करण्याची शिफारस सरकारला करते. “अर्ज मी मांडतो,” ते म्हणाले, “लिहा तुम्ही. तुमचं अक्षर चांगलं आहे म्हणतात.”

पहिला मसुदा अकरा पानांचा झाला. त्यात कळपाचे वर्णन होते, सीनेचा काठ होता, पश्चात्तापाला स्वतंत्र परिच्छेद होता. आमदारांच्या सहायकांनी तो हातात तोलून परत दिला. “गुरुजी, एक पान.” मी काटछाट करत गेलो. शेवटी चार वाक्ये उरली: दुसऱ्या जामीनदारांना कागद वाचता येत नव्हता, मी तो वाचून दाखवला नाही, संततीची ओळ मी त्यांना न विचारता घातली, तरी त्यांना मोकळे करून उरलेली सर्व रक्कम माझ्याकडून हप्त्यांनी घ्यावी. पानाचा खालचा भाग कोरा राहिला. त्यावर मी आडवी रेघ मारली. कुरूपच दिसली.

अर्जामुळे लिलाव थांबला, जप्ती राहिली. दिवाळी होऊन गेली आणि समिती धाराशिवच्या दौऱ्यावर आली. सरकारी विश्रामगृहात आम्हा दोघांना बोलावणे आले. मी मामांना मोटारसायकलवर मागे बसवून घेऊन गेलो. वाटेत त्यांना सांगितले, “जे विचारतील त्याचं खरं उत्तर द्या, म्हणजे झालं.” ते म्हणाले, “तुमी काळजीच करू नका, गुरुजी.” त्यांच्या त्या आश्वासनाने मला काळजी वाटायला हवी होती.

लांब टेबलाच्या पलीकडे पाच-सहा जण बसले होते. मध्यभागी अध्यक्ष, वयस्क, शांत, पुढ्यात चिवड्याची बशी. त्यांनी मामांना बसायला सांगितले. मामा उभेच राहिले.

“तुम्हाला लिहिता-वाचता येतं का?”

“सही येती, सायब. झोकात.”

“वाचता येतं?”

मामांनी विचार केला. “माजी सही वाचता येती.”

“बरं. या कतब्यावर सही करण्यापूर्वी तो तुम्हाला कुणी वाचून दाखवला होता?”

प्रकरणाचा सगळा जीव या एका प्रश्नात होता. मामांनी माझ्याकडे पाहिले. खोलीत इतकी मोठी माणसे, आणि त्यांच्यापुढे आपल्या गुरुजींचे नाव खाली जाणार, हे त्यांच्या लक्षात आले असावे. त्यांनी छाती पुढे काढली.

“व्हय की,” ते म्हणाले. “गुरुजींनी समदा वाचून दावला. दोनदा.”

अध्यक्षांनी अर्जाकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले.

“नाही साहेब,” मी उठून म्हणालो. “एकदाही नाही.”

“न्हाय कसं? दावला!” मामा म्हणाले. “गुरुजींना आता इसर पडतोय.”

“मला स्पष्ट आठवतंय. मी म्हणालो, नुसती सही.”

“त्ये नंतर म्हनलात. आदी वाचलात.”

“मामा, कृपा करा.”

“तुमी बसा, गुरुजी. तुमची काय चूक न्हाय, सायब. संततीचं म्याच सांगितलं हुतं त्यांना, लिवा म्हनून.”

अध्यक्षांनी चिवड्याचा हात झटकला. “एक मिनिट. तीस वर्षं मी सुनावण्या ऐकतोय. एकमेकांवर ढकलणारे जामीनदार रोज येतात. तुम्ही दोघं नेमकं काय करताय?”

कोणी तरी हसले. मग सगळेच हसले. मामाही हसले, त्यांना वाटले, काम झाले. अध्यक्षांनी त्यांना जवळ बोलावले आणि कतब्याची प्रत पुढे सरकवली. “इथं बोट ठेवून दाखवा, संततीची ओळ कुठं आहे?”

मामांनी कागद न्याहाळला. आत्मविश्वासाने बोट खाली आणले आणि मुद्रांक विकणाऱ्याच्या शिक्क्यावर ठेवले.

अध्यक्ष हळूच म्हणाले, “बसा बाबा.” आणि लेखनिकाला काहीतरी लिहायला सांगितले.

शिफारस सभागृहापुढे गेली, सरकारने ती मान्य केली. मामा मोकळे, उरलेली रक्कम माझ्या पगारातून निवृत्तीपर्यंत. पत्नीला मी हे जेवण झाल्यावर सांगितले. ती ताट उचलत म्हणाली, “अजून कुणाची संतती राहिली असंल तर बघा.”

काही दिवसांनी तेच कारकून तीच जीप घेऊन वाड्यावर आले. मामांनी आदल्या दिवशीच वाघर, म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी, गुंडाळून घोड्यावर लादायला काढली होती. मेंढरे माळावर उभी होती. फक्त जनावरे परत मिळाल्याची पोचपावती द्यायची, की जप्ती उठणार होती. मामांनी पेन मागण्यासाठी हात पुढे केला. कारकुनांनी शाईचे पॅड पुढे केले.

“हे काय?” मामा म्हणाले.

“अंगठा.”

“मला सही येती.”

“येत असंल. पण शासनाच्या निर्णयात तुम्हाला निरक्षर म्हणून सूट आहे. हे बघा, ‘सदर जामीनदार निरक्षर असल्याने’. पावतीवर सही घेतली तर ऑडिटवाले विचारतील, निरक्षर माणसानं सही कशी केली? मग सूटच अडकायची.”

“निरक्षर?” मामांचा आवाज चिरकला. “म्या? मग कतब्यावर कुनी केली सही? माज्या मेंढ्यानं?”

“त्या सहीचं मला काही माहीत नाही, मामा. मला अंगठा पायजे.”

मामा पॅडकडे पाहत राहिले. चार महिने रोज संध्याकाळी दोन मैल चालत येणारा माणूस मला आठवत होता. कळप माळावर अस्वस्थ झाला होता. खालच्या रानातल्या शेतकऱ्याचा निरोप दोनदा येऊन गेला होता. कारकून माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, “गुरुजी, तुम्ही सांगा की त्यांना. तुमचं ऐकतील.”

त्यांनी ऐकले असते. म्हणूनच मला सांगता येईना. मी म्हणालो, “मामा, कागदात काय आहे ते सांगतो. काय करायचं ते तुम्हीच ठरवा.” आणि मी पावती पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचली. ‘निरक्षर’ हा शब्द दोनदा आला. दोन्ही वेळा मी तो गाळला नाही.

 मामी डोक्यावर गाठोडे घेऊन उभ्या होत्या. “मालक,” त्या म्हणाल्या, “सहीवर मेंढरं गेली. अंगठ्यावर येत असतील तर घ्या.”

मामांनी अंगठा पॅडवर टेकवला आणि कागदावर उमटवला. घाई केली नाही, सही करत तेवढाच वेळ घेतला. ठसा स्वच्छ उठला.

“आता सुपुर्ददार,” कारकून मला पेन देत म्हणाले.

“गुरुजींला पेन दिऊ नका, सायब!” मामी ओरडल्या. “त्यांचा बी अंगठाच घ्या. न्हाईतर मोकळ्या जाग्यात आनि कायतरी लिवत्याल!”

कारकून हसले. मला हसू आले नाही. मामींचे बोलणे योग्य वाटले. मी पेन परत दिले आणि पॅड घेतले. “गुरुजी, अहो तुम्ही मुख्याध्यापक,” कारकून म्हणाले. मी विचारले, मुख्याध्यापकाने अंगठा देऊ नये असे कुठे आहे का? त्यांनी निर्णय उलटसुलट करून पाहिला. तसे कुठे नव्हते.

मला शाईचा अंदाज आला नाही. अंगठा मी फार दाबला, वर तो जरा घसरला, आणि कागदावर एक काळा डाग पसरला. त्यात रेषा अशी एकही दिसेना. मी ओशाळून उभा राहिलो. मामांनी वाकून माझा ठसा पाहिला, शेजारचा आपला पाहिला, आणि कळपाकडे वळता वळता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“पहिल्यांदा असंच हुतंय, गुरुजी,” ते म्हणाले.